कोरड्या मालाची वर्गणी

आमच्या पेढीवरील मेजाच्या उजव्या खणात एक कागद मी बारा वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला आहे. कागद तसा साधाच. डिसेंबर २०१२ मध्ये आमच्या पेढीने समुद्रमार्गे जो माल पाठवला, त्याच्या विमा कंपनीला द्यावयाच्या मासिक पत्रकाची ती स्थळप्रत. तिच्यात सहा ओळी भरलेल्या आहेत आणि सातवी कोरी आहे. त्या कोऱ्या ओळीमुळे माझा चुलत भाऊ माझ्याशी जवळजवळ चार वर्षे बोलला नाही.

आमचे घराणे धुळ्याचे. आजोबांच्या काळी आग्रा रोडवर एकाच पाटीखाली कापूस, भुईमूग आणि मिरची या तिन्हींचा व्यवहार चाले. १९९६ मध्ये वाटणी झाली, ती कोणत्याही कुरबुरीविना. मी जळगावला आलो आणि औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना काढला. काकासा आणि त्यांचा मुलगा धुळ्यातच राहिले. दोंडाईच्याच्या बाजारातून सुकी मिरची घ्यायची, निवडायची, गोण्या भरून परदेशी पाठवायची, हे काम आमच्या धाकट्याने मोठ्या हिमतीने उभे केले. आम्हा खानदेशी व्यापाऱ्यांना समुद्र तसा अनोळखीच. तो आमच्यापासून चारशे किलोमीटर दूर. ट्रक नाशिकच्या दिशेने निघाला, बिल ऑफ लेडिंग हाती आले, ते बँकेत गेले, की आपले काम संपले अशीच आमची समजूत होती.

माझी ती समजूत ७ ऑगस्ट २०१० रोजी मोडली. शनिवार होता, चातुर्मास चालू होता. त्या सकाळी न्हावा शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया ३’ ही दोन जहाजे मुंबईच्या समुद्रात एकमेकांवर आदळली. चित्रा एका कुशीवर कलंडले. त्यावर सुमारे १२०० कंटेनर होते. त्यांतले तीनशेच्या आसपास पाण्यात पडले, काही वाहत जाऊन किनाऱ्याला लागले. तेलाचा तवंग पसरला. पाण्यात तरंगणाऱ्या त्या लोखंडी पेट्यांमुळे मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाट काही दिवस बंद ठेवावी लागली.

आमचा माल चित्रावर नव्हता. तो बंदराच्या आवारात दुसऱ्या जहाजाची वाट पाहत सुरक्षित उभा होता. वर्तमानपत्रातील ते कलंडलेल्या जहाजाचे छायाचित्र पाहून मी घरात म्हणालोही, की आपण थोडक्यात वाचलो. प्रत्यक्षात रमजानच्या आरंभी आखातातील दुकानांत लागायच्या चटया महिनाअखेरीस पोहोचल्या आणि घेणाऱ्याने बिलातून शेकडा आठ कापून घेतले. मी विम्याचे कागद घेऊन एजंटाकडे गेलो. त्याने शांतपणे एका कलमावर बोट ठेवले. विलंबामुळे झालेले नुकसान विम्यात बसत नाही. तो विलंब विमा उतरवलेल्या संकटामुळे झालेला असला तरीही बसत नाही. इतकी वर्षे हप्ता भरत होतो, पण पॉलिसी वाचण्याचा तो माझा पहिला दिवस.

त्यानंतर काही महिने मी दुपारी हिशेबाच्या वह्यांऐवजी हेच वाचत बसे. मालाच्या विम्याचे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे तीन प्रकार आहेत. ‘सी’ सर्वांत स्वस्त, कारण त्यात जहाज बुडणे, आग, टक्कर अशी मोजकी संकटे येतात. गोणीत खारे पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर त्याचा उपयोग नाही. ‘ए’ मध्ये जे वगळले आहे ते सोडून बाकी सारे येते. ते वगळलेले काय, हेच तर वाचायचे असते. कच्चे पॅकिंग, मालाचा मूळचा दोष, विलंब. आणखी एका गोष्टीने मी चकित झालो. कप्तानाच्या जहाज हाकण्यातील चुकीमुळे मालाचे नुकसान झाले, तर जहाज कंपनी मालधन्याला त्याबद्दल देणे लागत नाही. आपल्याकडील १९२५ च्या कायद्यात हे तत्त्व होते आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. रस्त्यावर ट्रकवाल्याची चूक झाली तर आपण त्याची गचांडी धरतो. समुद्रावर तसे नाही. म्हणूनच मालाचा विमा मालधन्याने स्वतः घ्यायचा असतो.

मी वर्षभराचे ओपन कव्हर घेतले. त्यात प्रत्येक खेपेला नवी पॉलिसी काढावी लागत नाही. जी रवानगी होईल तिची नोंद पत्रकात भरायची आणि पत्रक विमा कंपनीला द्यायचे. मी धाकट्यालाही सुचवले. तो हसून म्हणाला, “दादा, मी सी अँड एफ भावाने विकतो. माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची. त्याच्या जोखमीचा हप्ता मी का भरू?” कायद्याने त्याचे बरोबर होते. मीही पुढे आग्रह धरला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

डिसेंबर २०१२ मध्ये आम्हा दोघांचा माल एकाच जहाजावर चढला. माझ्या चटयांचे दोन कंटेनर आणि त्याच्या मिरचीचा एक, चारशे गोण्यांचा. क्लिअरिंग एजंट एकच, म्हणून जहाजही एकच. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी जहाजाच्या एका भागात आग लागली. खलाशांनी त्या भागात समुद्राचे पाणी सोडून ती विझवली. मदतीला आलेल्या बोटींनी जहाज ओढत बंदरात नेले. कोणाचा जीव गेला नाही. एजंटाचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या मालाचा. दोन्ही कंटेनर कोरडे होते. पण पंधरा दिवसांत एक पत्र आले आणि कळले, की माल कोरडा राहिला म्हणूनच आता मला पैसे भरायचे आहेत.

या प्रकाराला ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. प्रथम ऐकणाऱ्याला हा अन्यायच वाटतो, म्हणून थोडे समजावून सांगतो. जहाज आणि त्यावरील सगळा माल एकाच संकटात असताना सर्वांना वाचवण्यासाठी कोणाचा तरी माल जाणूनबुजून गमावला, किंवा मुद्दाम खर्च केला, तर ते नुकसान एकट्याचे राहत नाही. जे जे वाचले त्या प्रत्येकाने आपल्या वाचलेल्या किमतीच्या प्रमाणात त्यात वर्गणी द्यायची. समजा जहाज ६० कोटींचे, त्यावरील माल ४० कोटींचा, आणि वाचवण्यापायी गेले ५ कोटी. तर प्रत्येकाच्या वाट्याला शेकडा पाच. माझा माल २० लाखांचा असेल तर मी एक लाख द्यायचे, माझ्या एकाही चटईला पाण्याचा थेंब लागला नसला तरी. भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटाच्या व्यापाऱ्यांत ही रीत फार प्राचीन काळापासून होती. रोमन कायद्याने ती उचलली आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या संहितेत तिची नोंद झाली. आज सगळे जग यॉर्क-अँटवर्प नियमांनी हा हिशेब करते. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ अडकले, तेव्हा त्यावरील सुमारे अठरा हजार कंटेनरांच्या धन्यांना याच नियमाने बोलावणे गेले.

हा हिशेब पुरा व्हायला वर्षे लागतात. तोवर हमी दिल्याखेरीज माल हाती पडत नाही. ज्याचा विमा आहे त्याच्या वतीने विमा कंपनी हमीपत्र देते. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ तिन्हींत ही वर्गणी येते. ज्याचा विमा नाही त्याने रोख अनामत ठेवायची. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ला आग लागली. पाच खलाशी गेले. त्यावरील मालासाठी मागितलेली हमी किमतीच्या शेकडा ५४ इतकी होती. आमच्या वेळी ती एक तृतीयांशाच्या आसपास होती. माझे काम दोन कागदांवर भागले.

धाकट्याच्या घेणाऱ्याने मात्र जहाजाला आग लागल्याचे ऐकताच बँकेतून कागद सोडवण्यास नकार दिला. जोखीम त्याची होती हे खरे. पण परदेशातल्या माणसावर सात लाखांच्या मिरचीसाठी दावा कोण लावतो? माल पुन्हा धाकट्याच्याच गळ्यात आला. निम्मा ओला, निम्मा कसा आहे ते ठाऊक नाही, आणि तो नुसता पाहायचा तर सव्वादोन लाखांहून अधिक अनामत आधी भरायची. त्याच वर्षी त्याने गोदामासाठी कर्ज काढले होते.

तो एका संध्याकाळी पारोळा, एरंडोल मार्गे स्वतः गाडी चालवत जळगावला आला. पेढीवर आम्ही दोघेच होतो. डिसेंबरचे माझे पत्रक अजून खणातच होते. ते त्याला ठाऊक होते, कारण महिनाअखेरीस ते कसे भरतात हे मीच त्याला कौतुकाने दाखवले होते. तो म्हणाला, “दादा, एक ओळ वाढवायची, एवढेच. माझा कंटेनर तुझ्या नोंदीत राहून गेला होता म्हणायचे. कायदाच म्हणतो ना, की राहिलेली नोंद नुकसानीनंतरही भरता येते?”

त्याने चौकशी करून ठेवली होती आणि ती खरीही होती. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात तशी तरतूद आहे. चुकलेली किंवा राहून गेलेली नोंद नुकसान झाल्यावरही दुरुस्त करता येते, मात्र ती प्रामाणिकपणे राहून गेलेली असली पाहिजे. त्या एका अटीवर सगळे थांबते. विमा कंपनी जळगावातल्या माझ्या ट्रकमागे धावत नाही; मी जे लिहीन त्यावर ती विश्वास ठेवते. म्हणूनच या धंद्यात दोन्ही बाजूंकडून पराकाष्ठेच्या सचोटीची अपेक्षा कायद्याने धरली आहे.

“बिल ऑफ लेडिंग तुझ्या पेढीच्या नावाचे आहे,” मी म्हणालो.

“पाटी वेगळी झाली, दादा. घर तर एकच आहे.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी पेन हातात घेतले होते, हे येथे लपवत नाही. आपण नकार दिला असे लिहिताना माणूस स्वतःला ताठ उभा दाखवतो. मी तसा नव्हतो. त्याच्या मुलीचे त्या वर्षी लग्न ठरले होते. ओळ लिहायला अर्धे मिनिट लागले असते आणि ती बहुधा खपूनही गेली असती. मी इतकेच म्हणालो, की अनामतीची निम्मी रक्कम मी भरतो, ओळ लिहीत नाही. तो उठला आणि चहा न घेता गेला. पाठवलेला धनादेश आठ दिवसांनी पाकिटातून परत आला, सोबत चिठ्ठी नव्हती.

मी धुळ्याला काकासांकडे गेलो. ते तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या कानावर सारे आलेले होते. “ओळ लिहिलीस का?” एवढेच त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. त्यावर ते बरे केलेस असेही म्हणाले नाहीत आणि वाईट केलेस असेही नाही. त्याऐवजी ते १९४४ सालाबद्दल बोलू लागले. १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. त्या जहाजावर दारूगोळा होता आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या. कापूस आणि दारूगोळा एका पोटात घेऊन जहाज निघते, याचे त्यांना त्या वयातही नवल वाटले होते. गोद्या, वखारी, वस्ती, सारे जळाले. शेकडो माणसे मेली. नेहमीच्या विम्याने ते संकट पेलण्यासारखे नव्हते आणि शेवटी सरकारला त्याच वर्षी खास अध्यादेश काढून भरपाईची व्यवस्था करावी लागली. काकासांचे म्हणणे असे, की त्या दिवसांत मुंबईच्या आडत्यांकडून येणाऱ्या पत्रांत प्रत्येक जण आपले नुकसान सांगे, पण आजोबा ती पत्रे वाचताना आधी पाहत ते कोणत्या मालाची पावती हाती आहे आणि कोणत्या नाही. “पावती असेल ते मागायचे,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “त्याची गोणी ओली कशाने झाली, ते कोणी पाहिले का?”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आगीत जळालेला माल या वर्गणीतून भरून मिळत नाही. तो ज्याचा त्याचा. धुराने खराब झालेलाही नाही. पण आग विझवण्यासाठी जे पाणी सोडले त्याने भिजलेला माल हा सर्वांसाठी दिलेला बळी मानला जातो आणि त्याची भरपाई सगळ्यांच्या वर्गणीतून होते. म्हणजे विमा नसलेल्या धाकट्यालाही काही हक्क होता. फक्त तो वेळेत, गोणीगणिक दाखवून द्यावा लागणार होता, आणि तो तर संतापाने मिरचीचे नावही घेईनासा झाला होता. काकासांनी त्याला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांनी त्याच्या मुनीमजींनी मला अधिकारपत्र आणून दिले. अनामत त्याने दागिने ठेवून भरली होती.

जानेवारीत मी त्या बंदरावर गेलो. स्थानिक सर्व्हेअर नेमला, जहाज कंपनीला नुकसानीची लेखी सूचना दिली. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना माल घेतल्यापासून तीन दिवसांत द्यायची असते आणि दावा लावायचाच झाला तर एका वर्षाच्या आत. आपल्याकडचे अनेक दावे मालामुळे नव्हे तर या दोन मुदतींमुळे बुडतात. कंटेनर उघडण्याआधी सीलचे छायाचित्र घेतले. दार उघडले तेव्हा खोकल्याने आम्ही सारेच मागे हटलो. दोंडाईच्याची मिरची होती ती.

सर्व्हेअर बुटका, अबोल माणूस. त्याच्या पेटीत एक लहान बाटली होती, सिल्व्हर नायट्रेटची. ओल्या गोणीवर दोन थेंब टाकले आणि पांढरा साका उठला, तर समुद्राचे पाणी. उठला नाही, तर कंटेनरच्या पत्र्याला आतून सुटलेला घाम. बंद लोखंडी पेटीत दिवसा उष्णता आणि रात्री गारवा, यामुळे छताला दवासारखे पाणी धरते आणि माल वरून बुरशीला लागतो. त्या पाण्याची भरपाई या वर्गणीत नाही. दोन दिवस आम्ही चारशे गोण्या एकेक करून लावल्या. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या ११६. घामाने बुरसलेल्या ४१. पाणी न लागलेल्या, पण धुराचा वास धरलेल्या ३१. निर्दोष २१२.

एका क्षणी तेथील गोदामाच्या मुकादमाने मला बाजूला घेऊन हिंदीत सांगितले, की बादलीभर समुद्राचे पाणी आणायला पाच मिनिटे लागतात, ४१ चे काम होऊन जाईल. मी हसलो. जळगावच्या खणातली कोरी ओळ डोळ्यांपुढे नसती तर कदाचित हसलो नसतो.

निर्दोष गोण्या तिथेच एका मसालेवाल्याला पडत्या भावाने दिल्या. भिजलेल्यांतील ज्या उन्हात वाळवून विकता आल्या त्या विकल्या आणि त्याची पावती ठेवली, कारण नुकसान कमी करण्याचा प्रयत्न मालधन्याने केला पाहिजे, असा नियम आहे. विमा असो वा नसो, माल सोडून देऊन फक्त भरपाई मागता येत नाही. सगळे कागद दोन संचांत बांधून एक संच धुळ्याला पाठवला, एक हिशेब करणाऱ्या अ‍ॅडजस्टरला.

त्या वर्षी संवत्सरीनंतर क्षमापनेसाठी धाकट्याचा फोन आला नाही. मी केला, तेव्हा भाभीसांनी उचलला. २०१४ लाही तसेच. काकासा गेले तेव्हा आम्ही दोघे शेजारी उभे होतो, पण बोललो ते पाहुण्यांच्या जेवणाविषयी.

हिशेबाचे जाड बाड २०१६ च्या अखेरीस आले. त्यात शेकडो मालधन्यांची नावे होती. माझ्या पेढीच्या नावासमोर दोन कंटेनर, वाचलेली किंमत आणि विमा कंपनीने भरावयाची वर्गणी. बऱ्याच पानांनंतर धाकट्याचे नाव होते. त्यासमोर ११६ गोण्यांची भरपाई, त्यातून आणि अनामतीतून त्याची स्वतःची वर्गणी वजा. कारण बळी गेलेल्या मालालाही आपला वाटा उचलावा लागतो, नाहीतर तो वाचलेल्यांपेक्षा फायद्यात राहील. त्याचे एकूण जे गेले त्याच्या निम्म्याहूनही कमी हाती आले आणि तेही चार वर्षांनी. व्याजाचा विचार केला तर आणखी कमी. पण त्या आकड्यात, फार थोडा का होईना, माझ्या कोरड्या चटयांचा पैसा होता. पत्रकात ती ओळ न लिहिताही तो त्याच्याकडे गेला होता.

बाड मिळाल्यानंतर आठवड्याभराने त्याचा फोन आला. अनामतीच्या परताव्यावर आयकर कसा दाखवायचा, हे त्याने विचारले. दोघेही अर्धा तास फक्त त्याविषयीच बोललो.

मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ सुमारे ६४० कंटेनरांसह बुडाले, तेव्हा तो जळगावला आलेला होता. दूरदर्शनवर कलंडलेले जहाज दिसत होते. त्याने पिशवीतून स्वतःच्या ओपन कव्हरचे पत्रक काढले, माझ्या मेजावर ठेवले आणि विचारले, “दादा, तारीख बिल ऑफ लेडिंगची घालतोस की ट्रक निघाल्याची?”

“ट्रक निघाल्याची,” मी म्हणालो. “आणि निघण्याआधी.”

त्याने खण उघडून माझे पेन घेतले.